फोड सुकले, म्हणून गोळी थांबवू नका

तोंड आले की आपण बी-कॉम्प्लेक्स घेतो, तिखट बंद करतो आणि आठवडाभरात बरे वाटते. पण तोंडातल्या जखमा महिना उलटूनही भरत नसतील आणि पाठोपाठ अंगावर पाण्याचे, लगेच फुटणारे फोड येऊ लागले, तर ती 'उष्णता' समजून थांबू नये. तो पेम्फिगस असू शकतो.

या आजारात रोगप्रतिकारक यंत्रणा त्वचेच्या पेशींना एकमेकींशी जोडणाऱ्या प्रथिनांवरच हल्ला करते. पेशी सुटतात, फोड येतात. हा आजार संसर्गजन्य नाही. स्टिरॉइड येण्यापूर्वी, म्हणजे १९५० च्या दशकाआधी, बहुतेक रुग्ण काही वर्षांतच दगावत. प्रेडनिसोलोनच्या गोळीने ते चित्र पालटले.

मात्र जास्त मात्रेत महिनोन्महिने घेतलेली हीच गोळी रक्तातली साखर व रक्तदाब वाढवते, हाडे ठिसूळ करते, दबलेला क्षयरोग जागा करते. २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत मधुमेह आणि स्टिरॉइडचा अतिवापर यांतून म्युकरमायकोसिस कसा फोफावला, हे आपण पाहिले आहे.

खरा पेच गावात आहे. सायखेड्यासारख्या गोदाकाठच्या गावातून त्वचारोगतज्ज्ञाकडे जायचे, तर बहुधा नाशिक गाठावे लागते. द्राक्षांच्या हंगामात त्यासाठी रोज बुडतो. मग जुन्या चिठ्ठीवर गोळ्या चालू राहतात, नाहीतर फोड सुकताच बंद होतात. दोन्ही घातक. बाहेरून स्टिरॉइड मिळू लागले की शरीर स्वतःचे कॉर्टिसॉल बनवणे कमी करते. गोळी एकदम थांबवल्यास रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकते. म्हणून मात्रा टप्प्याटप्प्यानेच उतरवायची.

स्टिरॉइडचा भार कमी करणारे उपायही आहेत. फ्रान्समधील २०१७ च्या चाचणीत रिटुक्सिमॅब आणि अल्पकाळ स्टिरॉइड घेतलेल्यांपैकी ८९ टक्के रुग्ण दोन वर्षांनी औषधाविना लक्षणमुक्त होते. केवळ स्टिरॉइड घेणाऱ्यांत हे प्रमाण ३४ टक्के होते. हे औषध महाग आहे, शिरेतून द्यावे लागते.

तोवर निदान एवढे तरी व्हावे: तज्ज्ञाने मात्रा उतरवण्याचे वेळापत्रक मराठीत लिहून द्यावे आणि साखर व रक्तदाबाची तपासणी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दरमहा व्हावी. गोळी स्वस्त आहे. तिच्यावर नजर ठेवणे महाग पडू नये.