आंबील की आंबोण?

परवा पुतण्याचा फोन आला. तो अमेरिकेत, ओरेगॉन राज्यातल्या पोर्टलंडला असतो. आमच्याकडे सकाळचे सात, त्याच्याकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ. एरवी "काका, गुडघा कसा आहे?" इथून सुरुवात करणारा हा मुलगा त्या दिवशी एकदम म्हणाला, "काका, तुम्हाला आवडायचं नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. मी घरी बिअर केली होती."

मी आयुष्यात दारूचा थेंब घेतलेला नाही, हे माझ्या नातेवाइकांना ठाऊक आहे. पण शिक्षकाचा स्वभाव. म्हटलं, "कशी करतात ती?" मग स्वारी खुलली. मोड आणून वाळवलेले जव भरडायचे, गरम पाण्यात भिजवून त्यांचं गोड पाणी काढायचं, हॉप्स नावाच्या वेलाची कडवट फुलं घालून ते उकळायचं, गार झाल्यावर यीस्ट घालायचं. दोन आठवडे झाकून ठेवायचं, बाटल्यांत भरताना किंचित साखर घालायची आणि परत दोन आठवडे वाट बघायची. महिनाभर हा रोज ऑफिसातून आला की गॅरेजमध्ये जाऊन त्या बाटल्यांकडे बघत होता म्हणे. बाळंतिणीच्या खोलीबाहेर नवरा घुटमळतो तसा.

शुक्रवारी त्याने बारा बाटल्या ऑफिसात नेल्या. सहकाऱ्यांनी एकेक घोट घेतला. एक जण म्हणाला "इंटरेस्टिंग", आणि ग्लास टेबलावर ठेवून जो गेला तो परत आलाच नाही. दुसऱ्याने विचारलं, "हे पिऊन आंधळं तर नाही ना व्हायचं?" सगळे हसले. थोड्या वेळाने त्यातल्याच एकाने फ्रीजमधली दुकानातली बाटली काढली. सोमवारी सकाळी हा पँट्रीत गेला तर बेसिनपाशी त्याच्या चार बाटल्या ओतून रिकाम्या करून ठेवलेल्या.

"काका, आवडली नाही हे ठीक आहे हो. पण निदान कशी केली, एवढं तरी विचारायचं!"

मी त्याची समजूत घातली. फोन ठेवला आणि बराच वेळ तसाच बसून राहिलो. कारण त्या बेसिनपाशी उभा असलेला माणूस मला चांगला ओळखीचा होता. तो मीच.

सांगतो.

गोष्ट १९८०च्या दशकातली, जुन्नर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेची. मी मराठी शिकवत असे. आमच्याकडे पश्चिमेच्या आदिवासी पट्ट्यातून एक तरुण शिक्षक आले होते. जुन्नर-आंबेगावचा हा भाग ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. पूर्वेला नारायणगाव-मंचरकडे ऊस, द्राक्षं, टोमॅटो. पश्चिमेला घाटघर, आंबे-हातवीज, दुर्गवाडी, आहुपे या अंगाला सह्याद्रीचे कडे, धो धो पाऊस आणि उतारावर नाचणी, वरई, भात. तालुके तेच, पण दोन वेगळे देश म्हणा ना.

तर या सरांना कायम झाल्याची ऑर्डर मिळाली. अशा वेळी स्टाफरूममध्ये पेढे द्यायची पद्धत. दुसऱ्या दिवशी सर आले ते हातात कडीचा डबा घेऊन. एप्रिलचं ऊन. गावापासून एसटीच्या फाट्यापर्यंत तासभर चालून आणि मग एसटीत डबा मांडीवर धरून आले होते. म्हणाले, "आईने आंबील दिलीय. म्हणाली, पेढे काय कुणीही देईल, तुझ्या मास्तर लोकांना माझ्या हातचं दे."

आंबील म्हणजे काय हे हल्लीच्या मुलांना सांगावं लागतं. नाचणीचं पीठ ताकात कालवून रात्रभर ठेवायचं. ते आंबतं, चांगलं फसफसतं. सकाळी उकळत्या पाण्यात शिजवायचं, मीठ, जिरं, ठेचलेला लसूण घालायचा आणि गार झाल्यावर ताक घालून सारखं करायचं. उन्हातून आलेल्या माणसाला याच्यासारखं दुसरं पेय नाही. हिच्यात नशा नाही, फक्त आंबटपणा आहे. पण कुळी तीच. धान्य, पाणी, एक रात्र आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांचं काम. पुतण्याच्या गॅरेजात जे चाललं होतं त्याची ही सोज्वळ चुलत बहीण.

सरांनी ग्लास भरले. करड्या-तपकिरी रंगाचं ते दाट पेय बघून सगळे एकमेकांकडे बघू लागले. आणि मराठीचा शिक्षक मी! मला कोटी सुचली. म्हटलं, "काय हो सर, ही आंबील आहे की आंबोण?"

आंबोण म्हणजे गाई-म्हशींना घालतात ते भिजवलेलं खाद्य. स्टाफरूम हसून हसून लोळली. तेही हसले. मग कुणी घोटभर घेतली, कुणी ओठाला लावली. मी माझा ग्लास खिडकीतून बाहेर कडुलिंबाच्या बुंध्याशी ओतला. वळून पाहिलं तर सर बघत होते. काही बोलले नाहीत. नंतर सगळे ग्लास त्यांनी स्वतःच विसळले आणि निम्मा भरलेला डबा घेऊन घरी गेले. त्या काळी शाळेत साहेब तपासणीला आले की आम्ही गोल्ड स्पॉटच्या बाटल्या मागवत असू. त्या रंगीत गोड पाण्यावर कोटी करायचं मला कधी सुचलं नाही.

तर मंडळी, माझं भांडण आहे ते या "सुचण्याशी" आणि "न सुचण्याशी".

लोक म्हणतील, "अहो, चव आवडली नाही तर नाही आवडली, त्यात एवढं काय? कुणी काही करून आणलं की वाहवा करायची सक्ती आहे का?" मुळीच नाही. पन्नास मुलांच्या वह्या तपासणाऱ्याला खोट्या वाहवाने काय नुकसान होतं ते पक्कं ठाऊक आहे. पुतण्याची बिअर कदाचित खरंच बिघडलेली असेल. पण माझं म्हणणं आहे की त्याच्या सहकाऱ्यांनी ती चाखलीच नाही, आणि मीही आंबील चाखली नव्हती. जिभेला लावायच्या आधीच निकाल तयार होता. लेबल नाही, किंमत नाही, आणि करणारा आपल्यातलाच, शेजारच्या टेबलावरचा. मग ती वस्तू चांगली असेलच कशी? आपण जिभेने चाखत नाही, आपण पाटी वाचून चाखतो.

पाटीचे दाखले इथलेच देतो. आमच्या नारायणगावला १९८०च्या दशकात शॅम्पेनसारखी फसफसणारी वाईन तयार होऊ लागली. तिचं परदेशातलं नाव काय, तर ओमर खय्याम! आणि इथल्या बाजारातलं नाव, मार्क्वी द पाँपादूर. म्हणजे फ्रान्सच्या पंधराव्या लुईची मैत्रीण. गाव नारायणगाव, पण बाटलीवर इराणचा कवी नाहीतर फ्रान्सची बाई. आमच्यातल्या लोकांनी ती बाटली कधी उघडली नाही, पण पाहुण्यांना रस्त्यावरून तो कारखाना अभिमानाने दाखवत असू. पुढे त्या कंपनीचे दिवस फिरले ते सोडा.

दुसरा दाखला पुण्याचा. तिथे २००९ साली डूलॅली नावाने ताजी बिअर गाळून तिथेच विकण्याचा उद्योग सुरू झाला. डूलॅली हा इंग्रजी शब्द कुठला? आपल्या नाशिकजवळच्या देवळालीचा! तिथल्या लष्करी छावणीत कंटाळून भ्रमिष्ट झालेल्या सोजिरांवरून इंग्रजांनी तो केला. देवळाली म्हटलं तर गावठी, डूलॅली म्हटलं तर शौकीन. पुण्याच्या लोकांना आंबील माहीत आहे ती फक्त आंबील ओढ्यातली, आणि तोही २०१९च्या सप्टेंबरात घराघरांत शिरला म्हणून.

"गावठी" हा शब्दच बघा. गावठी कोंबडी, गावठी अंडी, गावठी तूप म्हटलं की आपण दोन पैसे जास्त मोजतो. आणि "काय गावठी माणूस आहे" म्हटलं की शिवी होते. कोंबडीचं गावठीपण चालतं, माणसाचं चालत नाही. आंबिलीला आपण नाक मुरडतो तेव्हा नाचणीला मुरडत नसतो. जिने ती केली तिची जागा कुठे आहे, हे आपण तिला दाखवून देत असतो. माझ्या कोटीचा अर्थ सरांना नेमका कळला होता. आम्ही माणसं, तुमच्याकडचं खाणं जनावरांचं, एवढाच तो अर्थ.

आता काही जण म्हणतील, "काका म्हातारपणी दारूचं समर्थन करू लागले." नाही. दारूने बसलेली घरं मी शाळेच्या हजेरीपटावर पाहिली आहेत. २०१५ साली मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरावर माणसं गेली, तेही विसरलेलो नाही. पण तिथे माणसं मारली ती मिथेनॉलने. ते घरातल्या आंबवण्यात तयार झालेलं नव्हतं, पैशाच्या लोभाने मिसळलेलं होतं. "आंधळं होईल का?" असं विचारणाऱ्याला हा फरक माहीत नव्हता. अमेरिकेत १९७८ साली कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने घरापुरती बिअर करायला मोकळीक मिळाली. एका प्रौढ माणसाला वर्षाला १०० गॅलन, म्हणजे सुमारे ३७८ लिटर, आणि विकायची नाही. आपल्याकडे १९४९चा दारूबंदी कायदा आहे आणि परवान्याशिवाय घरी असलं काही करता येत नाही. तेव्हा इथल्या भाचे-पुतण्यांनी हे वाचून गॅरेज शोधू नये! माझा मुद्दा दारूचा नाहीच. हातचं करून चार माणसांपुढे ठेवणाऱ्याचा आहे.

आणि काळाचा न्याय बघा. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष म्हणून जाहीर केलं. नाचणी एकदम "श्रीअन्न" झाली. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तांदळात त्याचा दहावा हिस्साही नाही, हे आम्हाला व्यासपीठावरून कळलं. अशाच एका कार्यक्रमात पाहुण्यांना कागदी कपातून आंबील दिली. समोर माहितीचा फलक, वर फीत. सगळ्यांनी "वा, काय चव आहे!" म्हटलं. मीही म्हटलं. आणि घोट गळ्यातून खाली उतरेना. चव तीच होती हो. फक्त यावेळी पाटी होती.

पुतण्याच्या फोननंतर दोन दिवसांनी मी धीर करून सरांना फोन लावला. तेही आता निवृत्त आहेत. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हटलं, "सर, एक चूक कबूल करायची आहे. तुमच्या आईच्या आंबिलीची." पलीकडे क्षणभर शांतता. मग म्हणाले, "अहो सर, किती जुनी गोष्ट! सोडा आता." मी म्हटलं, "सोडत नाही. या उन्हाळ्यात तुमच्याकडे येतो, आंबील प्यायला."

"या की, जरूर या," ते म्हणाले. "पण आंबील आता घरात कुणी करत नाही. आई गेली. त्या दिवसानंतर मी कधी शाळेत नेली नाही, आणि पोरांनाही डब्यातून नेऊ दिली नाही. म्हटलं, कशाला उगाच. मग हळूहळू केलीच जाईना. सुनेला येत नाही. पाकिटातलं नाचणीसत्व असतं घरात, ते देऊ."

हिणवल्याने काय होतं, याचं याहून मोठं उत्तर माझ्याकडे नाही. आईने रागावून आंबील बंद केली नाही, सरकारने बंद केली नाही, दुष्काळाने केली नाही. एका मराठीच्या शिक्षकाच्या कोटीने ती एका घरातून गेली. अशा किती स्टाफरूम, किती कोट्या, किती कडुलिंबांचे बुंधे असतील!

म्हणून सांगतो. कुणी हातचं काही पुढे ठेवलं, मग ते लोणचं असो, करवंदाचं सरबत असो की पोर्टलंडची बिअर, तर स्तुती करू नका, पण विचारा. कशी केली? किती दिवस लागले? कुणाकडून शिकलात? ग्लास संपवायची सक्ती नाही. आवडलं नाही तर तोंडावर सांगा, "आंबट जास्त झालंय." करणाऱ्याला ते चालतं, पुढच्या वेळी तो सुधारतो. त्याला जिव्हारी लागतं ते त्याच्या मागे बेसिनमध्ये ओतणं, आणि त्याच्या तोंडावर कोटी करणं.

पुतण्याला काल मीच फोन केला. म्हटलं, "पुढची कधी लावतोस?" म्हणाला, "सोडून दिलं काका."

त्याला चांगला झापला. म्हटलं, "लाव. मी पिणार नाही, पण दर आठवड्याला विचारणार आहे, काय झालं म्हणून."

उन्हाळ्यात सरांकडे जाणार आहे. बरोबर नाचणी आणि ताक घेऊन जातो. आदल्या रात्री त्यांच्याच घरी भिजवू म्हणतो. मला करता येत नाही, पण सरांनी आईला करताना पाहिलं असेल. दोघं म्हातारे मिळून करू. बिघडली तर बिघडली. शेवटपर्यंत पिईन.