बॅटरी नवी, चार्जर जुना?

कागलला राहून पुण्याच्या कंपनीत जॉब करायचा म्हणजे दोन गोष्टी ठणठणीत हव्यात. नेट आणि इन्व्हर्टर. एक जरी बसली, तरी बॉस म्हणणार, 'बस झालं वर्क फ्रॉम होम, या परत!' म्हणून यंदा घरची लेड-अ‍ॅसिड बॅटरी रिटायर करून लिथियम आणायचं ठरलं. आप्पांचा पहिला सवाल, "एवढुशा डब्याला एवढं पैसं व्हय?"

सवाल रास्त आहे. तर आधी हिशोब. १२ व्होल्ट, १५० एएचची जुनी बॅटरी कागदावर १.८ युनिटची. पण रोज निम्म्याहून जास्त रिकामी केली की तिचं आयुष्य घटतं. म्हणजे हाताशी ०.९ युनिट. १२.८ व्होल्ट, १०० एएचची लिथियम १.२८ युनिटची, पण त्यातलं ९० टक्के बिनधास्त वापरता येतं. इन्व्हर्टर खातो ते सोडून दोन पंखे, लॅपटॉप, राउटर आणि दोन एलईडी चारेक तास चालतात. शिवाय डिस्टिल्ड वॉटर घालायची कटकट नाही.

पण खरी गोम चार्जिंगमध्ये आहे, बॉस! घरासाठी घ्यायची ती लिथियम आयर्न फॉस्फेट. तिला १४.२ ते १४.६ व्होल्टपर्यंतच चार्ज करायचं. जुने काही इन्व्हर्टर लेड-अ‍ॅसिडला मधूनमधून १५ च्या वर नेतात. तसं झालं की आतलं बीएमएस, म्हणजे बॅटरीचा वॉचमन, सरळ कनेक्शन तोडतं. दुसरं म्हणजे, लिथियमचा व्होल्टेज बराच वेळ जवळपास तेवढाच राहतो. त्यामुळे व्होल्टेजवर चालणारा इंडिकेटर शेवटपर्यंत खुशाल दाखवतो आणि मीटिंगच्या मध्यात अंधार! तिसरं, चार्जर १० अ‍ॅम्पिअरचा असेल तर रिकामी बॅटरी भरायला दहा तास. दिवसात दोनदा लाइट गेली की दुसऱ्यांदा ती अर्धीच भरलेली.

हा धडा बोटवाले आधीच शिकलेत. बोटीवरही घरासारखंच, बॅटरीत आहे तेवढंच आपलं. तिथे इंजिनचा आल्टरनेटर लिथियमला थेट जोडला, तर ती भसाभसा करंट ओढते आणि आल्टरनेटर तापतो. त्यात बीएमएसने अचानक कनेक्शन तोडलं, तर त्याचे डायोड उडू शकतात. म्हणून जाणकार मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर बसवतात. केरळात वैक्कमला २०१७ पासून सोलरवर चालणारी 'आदित्य' फेरी लिथियमवरच धावते, पण तिची चार्जिंग सिस्टिम पहिल्यापासून त्याच हिशोबाने बांधलेली.

तेव्हा दुकानात फक्त बॅटरीचा भाव विचारू नका. माझ्या इन्व्हर्टरला लिथियम मोड आहे का? चार्जिंग किती अ‍ॅम्पिअरचं? बीएमएस आत आहे का, आणि वॉरंटी कागदावर आहे का? पहिल्याचं उत्तर 'नाही' असेल, तर बजेट इन्व्हर्टरसकट धरा. आप्पांना पटवायचं काम मात्र तुमचं तुम्ही बघा.