तो खोकला राहू द्या

स्टुडिओत केलेली रेकॉर्ड आवडते की मैफलीत झालेली, असं मला कुणी विचारलं तर मी क्षणभरही न थांबता मैफलीतली म्हणेन. आवाज खरखरीत असला, तबला जरा जास्तच पुढे आला असला, मधेच कुणी खोकलं, तरीसुद्धा. स्टुडिओत गवई एकटा असतो. काचेपलीकडचा माणूस लाल दिवा लावतो आणि विझवतो, दाद देत नाही. मैफलीतलं गाणं गाणारा आणि ऐकणारे मिळून करतात. ज्या ध्वनिमुद्रणात हे ऐकणारेही ऐकू येतात ते चांगलं, एवढी साधी माझी कसोटी आहे.

मी संगीतातली जाणकार नाही, हे आधीच सांगून टाकते. मराठी माध्यमातून बी.ए. झाले, तीस-बत्तीस वर्षं शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला. गाणं शिकायला पैसा नव्हता आणि सवडही नव्हती. ऐकलं मात्र पुष्कळ, आणि त्यातलं बरंचसं कॅसेटवर. रात्री नऊला सुरू होऊन पहाटे संपणाऱ्या मैफलीला आमच्या पिढीतल्या किती बायका जाऊ शकत होत्या? सकाळी सातची शाळा, घरात सासूबाई, दोन लहान मुलं. आमचे हे जायचे. सतरंजीवर पुढे जागा मिळाली की नाही इथपासून भैरवीपर्यंत सगळं दुसऱ्या दिवशी चहाबरोबर सांगायचे. पुढे त्यांच्या एका मित्राने टेपरेकॉर्डर घेतला आणि मैफली आमच्या स्वयंपाकघरात यायला लागल्या. त्या कॅसेटमधल्या गर्दीत बसूनच मी गाणं ऐकलं. मी कणीक मळत असायची आणि कुणीतरी अनोळखी माणूस माझ्या वतीने 'आहा' म्हणायचा.

म्हणून हल्ली जुन्या ध्वनिमुद्रणांची जी साफसफाई चालते ती मला बघवत नाही, म्हणजे ऐकवत नाही. माझ्या एका माजी विद्यार्थ्याने हौसेने आमच्या काही कॅसेट संगणकावर चढवून दिल्या. गुणी मुलगा. त्याने खरखर काढली, खोकले काढले, दोन चिजांमधली 'रिकामी' जागा काढली, टाळ्या आखूड केल्या. ऐकायला बसले तर तंबोराच गेलेला! असं कसं झालं ते त्यानेच नंतर समजावून सांगितलं. सतत एकसारखा येणारा आवाज म्हणजे गोंगाट, असं ते सॉफ्टवेअर धरून चालतं आणि तेवढा पुसून टाकतं. पंख्याची घरघर एकसारखी, तंबोऱ्याचं गुंजनही एकसारखंच. यंत्राला बिचाऱ्याला काय कळणार? आणि काढलेल्या खोकल्यांमधला एक खोकला आमच्या ह्यांचा होता. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. मूळ कॅसेट शाबूत आहेत म्हणून बरं.

आता ती 'रिकामी' जागा. तिच्यात काय असतं? तंबोरे लावणं असतं. कुमार गंधर्वांचं गाणं मी समोर बसून एकदाच ऐकलं, संध्याकाळची मैफल होती म्हणून. तंबोरे जुळत गेले तशी सभागृहातली कुजबुज आपोआप विरत गेली. कुणी 'शांत बसा' म्हणालं नाही. (वर्गात हे मला एवढ्या वर्षांत कधी साधलं नाही.) कुमारजींना १९४७-४८च्या सुमारास क्षयाने गाठलं, देवासला काही वर्षं गाणं पूर्ण बंद होतं, एक फुप्फुस निकामी झालं. नंतरचं त्यांचं गाणं छोट्या छोट्या, एकदम उसळून येणाऱ्या तुकड्यांचं झालं. मैफलीच्या ध्वनिमुद्रणात त्या दोन तुकड्यांमधला श्वास ऐकू येतो. पुढचा सूर कुठून येणार म्हणून आपणही श्वास रोखतो. तो श्वास पुसायचा म्हणजे गाणंच खोडण्यासारखं आहे.

तंबोऱ्यावरून आठवलं. १ ऑगस्ट १९७१ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशच्या निर्वासितांसाठी जो जलसा झाला, त्याची तीन रेकॉर्डची पेटी निघाली होती. कल्पना रविशंकरांची, पुढाकार बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसनचा. सुरुवात रविशंकर आणि अली अकबर खाँ यांनी केली, तबल्यावर अल्लारखाँ. वाद्यं लावून झाली आणि हजारो अमेरिकन पोरांनी टाळ्यांचा कडकडाट केला! त्यांना वाटलं, वाजवून झालं. लावणंच एवढं आवडलं असेल तर वाजवणं आणखी आवडेल अशी आशा आहे, अशा अर्थाचं रविशंकर हसून बोलले. आपल्याकडे हा किस्सा अमेरिकनांची टिंगल करायला सांगतात. मला ती पोरं फार आवडतात. समजत नव्हतं, पण कान देऊन बसली होती. आधी रविशंकरांनी सिगारेट ओढू नका म्हणून विनंतीही केली होती. आणि रेकॉर्ड काढणाऱ्यांनी त्या टाळ्या कापल्या नाहीत, हे त्यांचं शहाणपण. पन्नास वर्षांनंतरही सतारीइतक्याच स्पष्ट त्या टाळ्या ऐकू येतात.

पण त्या दोघांची माझी सगळ्यात आवडती रेकॉर्ड पुढल्या वर्षीची. ८ ऑक्टोबर १९७२, न्यूयॉर्कचाच फिलहार्मोनिक हॉल, तबल्याला पुन्हा अल्लारखाँच. बीटल्सच्या ॲपल कंपनीने १९७३मध्ये ती काढली. ही तारीख लक्षात ठेवा, कारण ६ सप्टेंबरला मैहरला उस्ताद अल्लाउद्दीन खाँ गेले होते. अली अकबरांचे वडील, दोघांचेही गुरू. जेमतेम महिना झालेला. सुरुवात हेमबिहागने, मग मांज खमाज, शेवटी सिंधी भैरवी. मांज खमाज एका बाजूत मावलेला नाही, पुढच्या बाजूवर गेला आहे. एकाने अर्धवट सोडलेला सूर दुसरा अलगद उचलतो, पुढे नेतो, परत देतो. कुणाला कुणावर मात करायची नाही. एकाच घरात शिकलेली दोन माणसं घरातलं माणूस गेल्यावर जशी बोलतील तसं ते वाजवणं आहे. स्टुडिओत वेळ ठरवून हे झालं असतं असं मला वाटत नाही.

वेळेचा मुद्दा मोठा आहे. जुन्या ७८च्या तबकडीत एका बाजूला साडेतीन मिनिटांच्या आतबाहेर गाणं बसवावं लागे. तेवढ्यातही थोर माणसांनी चमत्कार केले. अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंजोटीतली ठुमरी तबकडीवर ऐकूनच लहानगा भीमसेन वेडा झाला होता, हे सगळ्यांना माहीत आहे. पण राग उलगडणं म्हणतात ते पाहायचं तर बैठकच हवी. मल्लिकार्जुन मन्सूरांच्या १९३०च्या दशकातल्या तबकड्या ऐका आणि मग उतारवयातल्या मैफली ऐका, म्हणजे मी काय म्हणते ते कळेल.

आणखी एक गोष्ट या जुन्या ध्वनिमुद्रणांतच उरली आहे. ती म्हणजे रात्र. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव १९५३ साली सुरू झाला आणि पुढे कितीतरी वर्षं रात्रभर चालायचा. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद, सरकारने ठरावीक दिवसांपुरती सवलत दिली तर बारापर्यंत. नियम वाईट नाही; घरात आजारी माणूस असलं की त्याचं महत्त्व कळतं. पण मध्यरात्रीनंतरचे आणि पहाटेचे राग आपापल्या वेळेला मांडवात ऐकायचे राहून गेले. आमच्याकडच्या एका कॅसेटवर पहाटेचा ललत आहे. द्रुत सुरू होते आणि मागे कावळे ओरडायला लागतात, एका सायकलची घंटा वाजते. ही पहाट आता कुठल्या स्टुडिओत मिळणार?

मैफलीची म्हणजे चांगलीच, असं मात्र नाही. टाळ्यांसाठीच झालेल्या मैफलीही भरपूर आहेत. दहा मिनिटं आलाप, की लगेच सवाल-जवाब, प्रत्येक तिहाईला कडकडाट. तिथे ऐकणारे ऐकू येतात खरे, पण गाणाऱ्याला ते आपल्या मागून फरपटत नेत असतात. दाद मधेच, नकळत, हळू आवाजात आलेली असली तर ती खरी, असं माझं मत. लताबाईंची १९७४ची रॉयल अल्बर्ट हॉलची रेकॉर्ड मला गाण्यांइतकीच तिथल्या घर सोडून आलेल्या माणसांच्या टाळ्यांसाठी आवडते. आणि गाणं बाजूला ठेवा, पु.लं.च्या 'म्हैस'मधलं लोकांचं हसणं काढून बघा बरं काय उरतं ते!

चोरून केलेल्या ध्वनिमुद्रणांबद्दल कलावंतांची तक्रार असायची आणि ती रास्तच होती. पण तेच कलावंत गेल्यावर आज त्यांच्या कितीतरी बैठकी या घरगुती कॅसेटींवरच शिल्लक आहेत, हेही खरं. घराघरांतून हा ठेवा रद्दीत जातोय. तुमच्या माळ्यावर असं काही असेल तर कृपा करून आधी आहे तसं उतरवून घ्या, खरखरीसकट. साफसफाई करायचीच तर दुसऱ्या प्रतीवर करा. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची बाजू उलटताना मधे जो खंड पडला असेल तो जोडून लपवू नका. आणि गाव, तारीख, साथीला कोण, हे लिहून ठेवा. आमच्या ह्यांनी एका कॅसेटवर तारीख-बिरीख काही न लिहिता फक्त 'तबला उत्तम' एवढंच लिहिलंय. गाणारे कुमारजी आहेत हे कळतं. तबला वसंतराव आचरेकरांचा असावा, पण गाव कोणतं ते मी अजून शोधते आहे. तिसऱ्या चिजेच्या आधी मागे एका गाडीची शिट्टी ऐकू येते, म्हणजे सभागृह स्टेशनच्या जवळ असणार.