वजनाची कीर्द-खतावणी

पूर्वी सकाळी फिरायला येणारी मंडळी भेटली की ‘काय म्हणते तब्येत?’ असे विचारायची. आता ‘किती झाल्या?’ असे विचारतात. किती झाल्या म्हणजे किती स्टेप्स झाल्या. विचारणारा स्वतःच्या मनगटाकडे पाहत असतो आणि उत्तर देणारा आपल्या. आकडा नऊ हजार सातशेच्या आसपास असला, तर घरी निघालेला गृहस्थ मागे फिरून बागेला आणखी एक चक्कर मारतो. दहा हजार भरल्याशिवाय घड्याळ थरथरत नाही आणि घड्याळ थरथरल्याशिवाय याच्या जिवाला चैन नाही.

हे दहा हजार आले कुठून, याची चौकशी फारसे कुणी करत नाही. टोकियोत १९६४ साली ऑलिम्पिक झाले. त्या काळात जपानमध्ये चालण्या-धावण्याची हवा होती. १९६५ साली तिथल्या एका कंपनीने पावले मोजणारे छोटे यंत्र बाजारात आणले आणि त्याचे नाव ठेवले ‘मानपो-केई’. म्हणजे दहा हजार पावलांचे मापक. आकडा गोल होता, तोंडात बसणारा होता. आज साठ वर्षे उलटून गेली तरी तो शास्त्रवचनासारखा आपल्या मनगटावर आहे. प्रत्यक्षात २०१९ साली अमेरिकेत आय-मिन ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरासरी ७२ वर्षे वयाच्या १६,७४१ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दिवसाला २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण स्पष्टपणे कमी होते आणि सुमारे ७,५०० पावलांनंतर हा फायदा वाढेनासा झाला. हा अभ्यास आयुष्याबद्दलचा आहे, वजनाबद्दलचा नव्हे. पण गुडघे दुखत असताना केवळ घड्याळ थरथरावे म्हणून फेऱ्या मारणाऱ्या साठीच्या माणसाने तो ध्यानात ठेवायला हरकत नाही.

यावरून मी यंत्रांच्या विरोधात आहे असा समज कुणी करून घेऊ नये. माझी नोकरी बँकेत गेली. जाडजूड लेजरांच्या जागी संगणक येताना मी पाहिला आणि तो आल्यामुळे बँका बुडाल्या नाहीत हेही पाहिले. फोनमधल्या अॅपवर मी विचार करतो तो याच अनुभवातून. मला ते कीर्द-खतावणीसारखे वाटते. कीर्द चोख असली तर धंदा कळतो. पण कीर्द लिहिली म्हणून धंदा चालत नाही.

लिहिण्याचा फायदा मात्र खरा आहे. २००८ साली अमेरिकेतल्या कैसर पर्मनन्टे या संस्थेच्या संशोधकांनी वजन कमी करू पाहणाऱ्या जवळजवळ १,७०० लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. रोज खाल्लेले लिहून ठेवणाऱ्यांचे वजन न लिहिणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट उतरले होते. त्यात फोनचा संबंध नव्हता. साध्या कागदावरच्या नोंदी होत्या.

याचे कारण समजायला अवघड नाही. आमचे एक जुने सहकारी नेहमी म्हणायचे, ‘अहो, मी खातो तरी काय? दोन पोळ्या आणि भाजी.’ मुलीने त्यांच्या फोनवर अॅप घालून दिले आणि पंधरा दिवस प्रत्येक गोष्ट लिहायला लावली. दोन पोळ्या खऱ्याच निघाल्या. पण दिवसाचे पाच कप चहा आणि प्रत्येक कपात दोन चमचे साखर, हे खाते त्यांनी कधी उघडलेच नव्हते. दहा चमचे म्हणजे चाळीस ते पन्नास ग्रॅम. महिन्याला सव्वा ते दीड किलो साखर, तीही नुसती चहातून. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली जी शिफारस केली, तिच्यानुसार वरून घातलेली साखर दिवसाला सुमारे पंचवीस ग्रॅमच्या आत असेल तर उत्तम. गृहस्थ तीन कप बिनसाखरेचे घेऊ लागले. कुणी उपदेश केला नाही. त्यांनी त्यांचाच उतारा वाचला.

इथे वहीपेक्षा फोन सरस ठरतो, तो एकाच कारणाने. चहाचा कप हातात असतो तेव्हा फोन खिशात असतो. वही रात्री उघडली जाते आणि तोवर दुपारची भजी स्मरणातून गेलेली असतात. आधी व्हाउचर, मग नोंद, हा नियम बँकेत उगाच नव्हता.

आता या हिशेबाची दुसरी बाजू पाहू. जमेच्या बाजूला अन्न, खर्चाच्या बाजूला व्यायाम. दिवसअखेर रोकड जुळल्याशिवाय आमचा रोखपाल घरी जात नसे. दहा रुपयांच्या फरकासाठी अर्धी शाखा थांबलेली मी पाहिली आहे. आणि मनगटावरच्या घड्याळाचे काय? २०१७ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी अशी सात उपकरणे तपासली. नाडीचे ठोके बहुतेकांनी बरे मोजले. पण खर्च झालेल्या कॅलरी एकालाही नीट मोजता आल्या नाहीत. त्यातल्या त्यात बऱ्या उपकरणाची चूक सरासरी २७ टक्के होती आणि सर्वांत वाईटाची ९३ टक्के. ज्या खात्याच्या खर्चाच्या बाजूला २७ टक्के फरक आहे, त्या खात्यावर विसंबून ‘आज तीनशे कॅलरी शिल्लक आहेत, तेव्हा एक बटाटावडा चालेल’ असे म्हणणे म्हणजे शिलकीची खात्री नसताना धनादेश फाडणे आहे.

पिट्सबर्ग विद्यापीठातून २०१६ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास याहून बोलका आहे. ४७१ तरुण माणसे, दोन वर्षे. सर्वांना आहार-व्यायामाचे मार्गदर्शन होते. निम्म्यांना पुढे शरीरावर बांधायचे उपकरण दिले गेले, उरलेल्यांनी आपल्या नोंदी आपण ठेवल्या. दोन वर्षांनी उपकरणवाल्यांचे वजन सरासरी साडेतीन किलो उतरले होते आणि बिनउपकरणवाल्यांचे ५.९ किलो. एका अभ्यासावरून घड्याळे फेकून द्यायची नसतात. माझे मत एवढेच की, स्वतः लिहिताना माणूस स्वतःशी बोलतो. यंत्र त्याच्या वतीने लिहू लागले की ते बोलणे थांबते.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नपदार्थांची कोष्टके नव्याने प्रसिद्ध केली आणि त्यात पाचशेहून अधिक पदार्थांचे पृथक्करण आहे. पण ते शंभर ग्रॅम ज्वारीचे आहे, भाकरीचे नव्हे. भाकरी सोलापूरची पातळ कडक की कोल्हापूरकडची मऊ मोठी, हे अॅपला कळत नाही. ‘एक वाटी आमटी’ म्हटले तर वाटी कुणाच्या घरची? आणि फोडणीला पळीभर तेल पडले की चमचाभर, हे फक्त फोडणी घालणारीला ठाऊक.

ही फोडणी घालणारी कोण, याचा विचार या सगळ्या उत्साहात कुणी करताना दिसत नाही. बहुतेक घरांत वजन एकाला कमी करायचे असते आणि कणीक तराजूवर दुसरीला तोलावी लागते. नवऱ्याच्या फोनमध्ये नवा आहार आला की घरात तिसरी भाजी वाढते. तिने स्वतः अॅप घेतले तरी त्यात नाश्ता, दुपारचे जेवण, रात्रीचे जेवण असे रकाने असतात. टाकवत नाही म्हणून ओट्याशी उभ्याने संपवलेला भात, नातवाच्या ताटातला राहिलेला घास, संपवायचाच म्हणून खाल्लेला कालचा शिरा, यांना रकाना नाही. आपल्याकडच्या कितीतरी बायकांचे वजन त्याच न लिहिलेल्या खात्यात वाढते. तिथे पावले मोजून भागणार नाही. घरातल्या सर्वांनी एकत्र बसून जेवणे आणि उरलेल्याची जबाबदारी वाटून घेणे याला कुठलेही अॅप पर्याय देऊ शकत नाही.

मापाबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. बहुतेक अॅप उंची आणि वजनावरून बीएमआय काढतात आणि हिरवा, पिवळा, तांबडा रंग दाखवतात. २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र छापून आले. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. काटक दिसणाऱ्या भारतीय देहात चरबी लपून बसते, हे त्या एका चित्राने जगाला दाखवले. म्हणून आपल्यासाठी टेलरची टेप जास्त विश्वासाची आहे. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरवर आणि बाईची ८० वर गेली की सावध व्हावे, हा आपल्याकडचा निकष आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत भारतात दहा कोटींहून अधिक मधुमेही असल्याचा अंदाज आला. हा प्रश्न दिसण्याचा उरलेला नाही.

आता उमेदीबद्दल. रोज सकाळी ‘शाब्बास!’ म्हणणारे अॅप पहिला महिनाभर गोड वाटते. मग त्याची सवय होते, मग चीड येते. माणसाला माणूस लागतो. महाराष्ट्रात याचे ठळक उदाहरण डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या चळवळीचे आहे. डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारातून प्रेरणा घेऊन त्यांनी दोन वेळा जेवण आणि पाऊण तास चालणे हा साधा कार्यक्रम मांडला आणि तो गावोगाव पोचला तो व्हॉट्सअॅपच्या गटांमधून. आधी रक्ततपासणी, मग गटात प्रवेश, मग शंकासमाधान. त्याच सुमारास ऋजुता दिवेकर थोड्या थोड्या वेळाने घरचे, आपल्या मातीतले खा असे सांगत होत्या आणि मराठी घरांतून ‘दीक्षित की दिवेकर’ असा वाद रंगला. कुणाचे बरोबर, हा निवाडा मी करणार नाही. मला महत्त्वाचे वाटते ते हे की, लोक टिकले ते गटात आपल्या ओळखीचे कुणीतरी वाट पाहत होते म्हणून.

पण त्याच व्हॉट्सअॅपवर सात दिवसांत सात किलो उतरवणारा काढाही येतो. तिथे एक जुनी कसोटी पुरते. कर्ज मागणाऱ्याचे कागद तपासताना आम्ही विचारत असू, यात फायदा कुणाचा? संदेशाच्या शेवटी विकत घ्यायची वस्तू असेल, तर तो संदेश सल्ला नसून जाहिरात आहे. आणि ज्यांना इन्शुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याखेरीज कुठल्याही गटाच्या सांगण्यावरून जेवण सोडू नये. साखर एकाएकी उतरली तर ती जिवावर बेतू शकते.

शेवटचा मुद्दा गुप्ततेचा. बँकेत रुजू होताना ग्राहकाच्या खात्याबद्दल बाहेर बोलणार नाही अशा प्रतिज्ञापत्रावर आम्ही सही केली होती. अॅपमध्ये आपण वजन, झोप, औषधे, पाळी, नाडी, सगळे लिहितो आणि अटींच्या लांबलचक पानाखाली न वाचता बोट टेकवतो. २०१८ साली मायफिटनेसपाल या अॅपच्या सुमारे १५ कोटी खात्यांची नावे, ईमेल पत्ते आणि सांकेतिक रूपातले पासवर्ड चोरीला गेले होते. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा आपल्याकडे २०२३ साली झाला. पण कायद्याच्या आधी आपणच विचारावे की, या दुकानदाराला माझी इतकी माहिती हवीच कशाला?

तेव्हा फोन वापरावा, पण कामापुरता. वर्षातून दोनदा पंधरा-पंधरा दिवस खाल्लेले सगळे इमानाने लिहावे. वजन आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी उपाशीपोटी करावे. रोजच्या चढउतारात पाण्याचाच खेळ जास्त असतो. कंबर महिन्यातून एकदा मोजावी. कॅलरी ‘कमावल्याचा’ आकडा पाहूच नये आणि शाब्बासकीच्या घंट्या बंद ठेवाव्यात. त्याऐवजी रोज ठरलेल्या वेळी फिरायला येणारा एक सोबती गाठावा. एखाद्या दिवशी आपण गेलो नाही, तर तो घरी येऊन कडी वाजवील.