आरोग्य : दवाखान्यात काम करणाऱ्या भगिनींसाठी

आपल्या वस्तीतल्या कितीतरी मुली डॉक्टरांच्या दवाखान्यात मदतनीस आहेत. पगार थोडा, पण जबाबदारी जिवाची.

भगिनींनो, औषधाचे लेबल तीनदा वाचा : कपाटातून काढताना, मोजताना आणि परत ठेवताना. "तुम्हीच ना सविताबाई?" असे विचारू नका, घाईत कुणीही मान डोलावतो. पूर्ण नाव रुग्णालाच सांगू द्या. पूर्वी एखाद्या औषधाने पुरळ उठले होते का, धाप लागली होती का, हे विचारून डॉक्टरांना कळवा. तोंडी सांगितलेला डोस त्यांना परत म्हणून दाखवा. ०.५ मि.ली. आणि ५ मि.ली. यांत दहापट फरक आहे.

प्रशिक्षण नसेल तर, कुणीही सांगितले तरी, इंजेक्शन देऊ नका. अक्षर लागले नाही तर विचारा. 'हिला एवढेही कळत नाही' असे कुणी म्हणेल म्हणून अंदाज करू नका. चूक झालीच तर लपवू नका. लगेच सांगितले तर उपाय करता येतो.

तथागतांनी आजारी भिक्खूला आनंदासह स्वतः अंघोळ घातली होती. रुग्णसेवा हलकी नाही. ती मान ताठ ठेवून, डोळे उघडे ठेवून करा.

जयभीम!