पूजा सावित्रीची, मत मात्र घरच्या कर्त्याचे

ज्येष्ठी पौर्णिमेला धार-देवासच्या मराठी घरांतल्या लेकीसुना वाण घेऊन वडाला जातात. शेजारच्या मालवी बायकांची वटसावित्री पंधरा दिवस आधी, अमावास्येलाच झालेली असते. पवारांच्या मागोमाग माळव्यात आलेली आपली घराणी इथे पिढ्यान्‌पिढ्या राहिली, बोलण्यात मालवी मिसळली, सणावाराला दाल-बाफले आले, पण पौर्णिमा काही सुटली नाही. त्याचा अभिमान अवश्य असावा. मात्र ज्या सावित्रीसाठी आपण तिथी इतकी जपली, तिची कथा आपण कधी नीट वाचली आहे काय, असा प्रश्न समाजबंधू-भगिनींपुढे ठेवावासा वाटतो.

महाभारताच्या वनपर्वात ही कथा आहे. राजा अश्वपतीने मुलीसाठी वर शोधला नाही. तूच शोध, असे सांगून तिला रथात बसवून पाठविले. तिने राज्य गेलेल्या आंधळ्या राजाचा वनात राहणारा मुलगा निवडला. नारदांनी सांगितले, हा वर्षभरात मरणार. वडील म्हणाले, दुसरा पाहा. सावित्रीने नकार दिला. म्हणजे एका बाजूला देवर्षी, दुसऱ्या बाजूला जन्मदाता, आणि तरी निर्णय मुलीचा! पुढे यमाशी तिचे जे बोलणे होते त्यात रडारड नाही, युक्तिवाद आहे. ती पहिल्यांदा सासऱ्याची दृष्टी मागते, मग त्याचे राज्य, मग वडिलांना पुत्र, मग स्वतःला पुत्र, आणि यम शब्दात अडकल्यावर पतीचे प्राण. कोणी म्हणेल, शेवटी तिने सारे पतीसाठीच केले ना? केले. पण तो पती तिने स्वतः निवडलेला होता, आणि त्या निवडीची किंमत तिला वर्षभर आधी ठाऊक होती. आपण दोरा घेतला, वड घेतला, निवड तेवढी कथेतच ठेवून दिली.

द्रौपदीचेही तेच झाले. मुक्तेश्वरांनी सभापर्व मराठीत आणले, कीर्तनकारांनी वस्त्रहरणाचे आख्यान घरोघर पोचविले, आणि आपल्या मनात ठसला तो कृष्णाचा धावा. पण त्याआधी, बोलावणे घेऊन आलेल्या सूताला तिने परत सभेत धाडले आणि प्रश्न विचारायला लावला, की धर्मराज आधी स्वतःला हरले की मला? जो स्वतःच दास झाला, त्याला मला पणाला लावण्याचा अधिकार राहिला काय? हा प्रश्न अश्रूंचा नव्हता, कायद्याचा होता. भीष्मांसारख्या ज्ञात्याने धर्माची गती सूक्ष्म आहे म्हणून हात टेकले. कौरवांच्या बाजूने बोलला तो एकटा विकर्ण. पुढे धृतराष्ट्राने वर देऊ केले, तेव्हा तिने दोन वरांत पाचही पतींना दास्यातून सोडविले आणि तिसरा घेतला नाही. संपूर्ण सभेत धर्म कोणाला कळला होता, हे वाचकांनीच ठरवावे.

आता आपल्या धारेकडे येऊ. 1903 साली धार संस्थानाचे शिक्षणाधिकारी काशिनाथ कृष्ण लेले यांना एक कोरीव शिलालेख मिळाला. परमार राजा अर्जुनवर्मा याचा गुरू मदन याने लिहिलेले ‘पारिजातमंजरी’ नावाचे नाटक त्यावर कोरलेले आहे. काळ तेराव्या शतकाच्या आरंभीचा. शिळा सापडली त्या वास्तूचा वाद वेगळा आहे, त्यात इथे शिरत नाही. नाटकात दोन स्त्रिया आहेत. गुजरातच्या राजावरील विजयानंतर फुलांच्या मंजरीतून प्रकट झालेली नायिका, आणि राजाची पट्टराणी सर्वकला. राणी सोहळ्यात राजाशेजारी असते, आणि राजा तिच्या कानातल्या दागिन्यात झाडाआड उभ्या असलेल्या दुसरीचे प्रतिबिंब न्याहाळतो! राणीला संशय येतो, ती रागावून निघून जाते. संस्कृत नाटकांच्या रिवाजाप्रमाणे इथेही राजा संस्कृत बोलतो आणि स्त्रिया प्राकृत, म्हणजे आपल्या मराठीच्या आजीशी नाते सांगणारी बोली.

हे नाटक चार अंकांचे. हाती आले ते पहिले दोन. ह्या जातीच्या नाटकांत शेवटी राणी समजूत घालून घेते आणि सवतीचा हात स्वतः राजाच्या हाती देते, हा ठरलेला संकेत. पण धारेच्या राणीने पुढे काय केले, ते आपल्यापुढे नाही. तिचा राग तेवढा दगडावर शिल्लक आहे. मला तर वाटते, आपल्या घराण्यांच्या इतिहासातही असेच झाले. बायकांचे दोन अंक ठेवले, जिथे त्या निर्णय घेतात ते अंक हरवले.

उदाहरण दूरचे नको. पुण्याहून पाहुणे आले की आपण त्यांना धारचा किल्ला दाखवतो आणि सांगतो, दुसरा बाजीराव इथे जन्मला, 1775 साली. लगेच कोणीतरी आनंदीबाईचे नाव काढून ‘ध चा मा’ म्हणतो. 1773 साली नारायणरावांचा खून झाला हे खरे, पण पत्रातले अक्षर आनंदीबाईंनीच बदलले हे निर्विवाद सिद्ध झालेले नाही. तरी अडीचशे वर्षे म्हण चालू आहे. त्याच धारमध्ये 1807 साली दुसरे आनंदराव पवार वारले, तेव्हा मैनाबाई गरोदर होत्या. घरातच वैरी, बाहेर शिंदे-होळकरांच्या फौजा, खजिना रिकामा. त्या मांडूला गेल्या, तिथे मुलाला जन्म दिला. तो मुलगाही लहानपणीच गेला, तेव्हा बहिणीचा मुलगा दत्तक घेऊन गादी राखली. 1819 साली इंग्रजांशी तह झाला तेव्हा धार संस्थान नकाशावर उरले होते, ते मुख्यतः ह्या बाईंच्या चिकाटीमुळे. त्यांच्या नावाची म्हण आपल्यात आहे काय? जिच्यावर आळ आला ती घरोघर तोंडी, आणि जिने राज्य राखले तिचे नाव सांगायला इतिहासाचा मास्तर लागतो!

हे सारे आज कशासाठी, असे विचाराल. तर, आपल्या संस्थांसाठी. मध्य प्रदेशात पंचायतींच्या निम्म्या जागा स्त्रियांना राखीव आहेत. 2023 साली घटनेच्या 106 व्या दुरुस्तीने लोकसभेत व विधानसभांत एक तृतीयांश जागांचे ठरले. शेजारच्या इंदूरने सुमित्राताई महाजनांना 1989 पासून सलग आठ वेळा लोकसभेत पाठविले. देवासने गायत्रीराजे पवारांना 2015, 2018 आणि 2023 मध्ये निवडून दिले. पक्ष कोणता, हा इथे मुद्दा नाही. बाहेरच्या जगात आपण स्त्रीला मत देतो. मग समाजाच्या मंडळात तिला मत का नाही? कित्येक ठिकाणी सभासदत्व कुटुंबाचे आणि मत कुटुंबप्रमुखाचे. महिला शाखेकडे हळदीकुंकू, गणेशोत्सवाचा प्रसाद आणि रांगोळी स्पर्धा. मंडळाच्या जागेचे काय करायचे, शिष्यवृत्ती कोणाला द्यायची, कोणत्या उमेदवाराला समाजाने पाठिंबा द्यायचा, हे ठरते तेव्हा त्या स्वयंपाकघरात पोहे करीत असतात.

ह्यावर दोन उत्तरे नेहमी येतात. पहिले, ‘घरात सगळे तिच्याच मताने चालते’. तसे असेल तर ते मत सभेच्या वहीत नोंदवायला हरकत कसली? दुसरे, ‘बायकाच पुढे येत नाहीत’. सभा रात्री साडेआठला, स्वयंपाकाच्या वेळी, आणि निमंत्रणपत्रावर फक्त ‘श्री.’; मग त्या येणार कशा? द्रौपदी सभेत आली तीही स्वखुशीने नाही, पण आल्यावर तिच्या प्रश्नाला उत्तर देणारा एकही ज्येष्ठ निघाला नाही. आपल्या सभांतून निदान ती वेळ येऊ नये.

म्हणून सूचना साधी आहे. प्रत्येक प्रौढ सभासदास स्वतंत्र मत असावे, कार्यकारिणीत निम्म्या जागा स्त्रियांना असाव्यात, आणि सभा दुपारी घ्यावी. घटनादुरुस्तीला सर्वसाधारण सभा पुरते. येत्या वटपौर्णिमेला वडाखाली पूजा झाल्यावर सावित्रीचे आख्यानही एकदा मोठ्याने वाचावे, नारदांच्या सल्ल्यासकट आणि तिच्या नकारासकट. ऐकायला पुरुषांनीही यावे.