पावसाळ्याचा पगार कोणी द्यावयाचा?

सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला आणि पुढल्याच वर्षी कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली. त्यानंतरच्या काळात किनाऱ्यावरील गावांतून एका नव्या प्रकारच्या संस्थेने मूळ धरले. निवास-न्याहारीची घरे चालविणारे, होडीवाले, खानावळवाले, एखाददुसरे निवृत्त गुरुजी असे लोक एकत्र येतात. १८६० च्या कायद्याखाली संस्था नोंदवितात, धर्मादाय आयुक्तांकडे तिची नोंद करतात, बसस्थानकाजवळ एक खोली भाड्याने घेतात आणि दारावर ‘पर्यटन माहिती केंद्र’ अशी पाटी लावतात. नफा कोणी वाटून घ्यावयाचा नाही, परक्या दलालाच्या हाती गावाचा व्यवसाय जाऊ द्यावयाचा नाही, हा त्यामागील हेतू. हेतू चांगला आहे. सेवा दलाच्या शाखेत वाढलेली, चळवळीत उमेदीची वर्षे घातलेली माणसेही अशा संस्थांच्या कार्यकारिणीवर आढळतात. म्हणूनच या संस्था आपल्या खोलीत बसणाऱ्या दोन-चार माणसांशी कसे वागतात, हा प्रश्न पक्षाच्या कार्यकर्त्यांनी परका मानता कामा नये.

मेच्या अखेरीस समुद्र खवळतो, होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात, किल्ल्याकडे जाणारी जलवाहतूक ऑगस्टअखेरपर्यंत बंद राहते. गिऱ्हाईक थांबते आणि त्याबरोबर माहिती केंद्रातील माणसांचे पैसेही थांबतात. व्यवस्थापक तेवढा बारमाही. टेबलावर बसून पत्ते सांगणारी, खोल्यांची नोंद करणारी मुलगी, झाडलोट करणारी बाई, किल्ला दाखविणारे तरुण यांना ‘गणपतीनंतर बघू’ असे सांगण्यात येते. कोणी कोणाला काढून टाकलेले नसते. नेमणुकीचे पत्रच दिलेले नसल्यामुळे काढण्याचा प्रश्नही उद्भवत नाही! जे देण्यात येते त्याला पगार असे म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. हा शब्द मोठा सोयीचा आहे. त्यात मान आहे, धनही आहे. नाही तो फक्त हक्क.

या शब्दाचा आडोसा न्यायालयाने एकदा दूर केलेला आहे. अंगणवाडी सेविका व मदतनीस यांना सरकार वर्षानुवर्षे मानधनच देत आले. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधील प्रकरणात निर्णय दिला की, हे मानधन वेतनच होय आणि या स्त्रिया १९७२ च्या कायद्याप्रमाणे ग्रॅच्युइटीस पात्र आहेत. अंगणवाडी सेविकांच्या मोर्च्यात चालणारा कार्यकर्ता सायंकाळी आपल्याच संस्थेच्या बैठकीत ‘मानधनी सेवक’ या सदराखाली रक्कम मंजूर करतो, तेव्हा त्याला त्यात काही विसंगत वाटत नाही. संस्था गरीब आहे, हेतू सेवेचा आहे, एवढे उत्तर त्याला पुरते.

कायदाही या बाबतीत दोन दिशांना गेला आहे. १९७८ साली बंगलोर पाणीपुरवठा मंडळाच्या प्रकरणात न्या. कृष्ण अय्यर यांनी जो प्रसिद्ध निर्णय लिहिला, त्याने ‘उद्योग’ या शब्दाची व्याप्ती वाढविली. मालक व कामगार यांच्या सहकार्याने पद्धतशीरपणे सेवा किंवा वस्तू निर्माण होत असेल तर तो उद्योग. चालविणारा धर्मादाय आहे, नफा घेत नाही, एवढ्याने तो सुटत नाही, असे त्याचे सार होते. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने धर्मादाय व समाजसेवी संस्थांना उद्योगाच्या व्याख्येतून बाहेर काढले आणि ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. त्याच दिवशी अमलात आलेल्या वेतन संहितेने मात्र किमान वेतनाचा हक्क ठरावीक धंद्यांपुरता न ठेवता सर्व कामगारांना लागू केला. म्हणजे माहिती केंद्रातील सहायिकेला किमान वेतन मागता येईल; पण कामावरून दूर केल्यास औद्योगिक विवाद म्हणून दाद मागण्याची वाट तिच्यासाठी बिकट झाली आहे.

त्यातही दहाचा उंबरठा आहेच. ग्रॅच्युइटी दहा कामगारांपासून, प्रसूती रजेचे संरक्षण दहापासून, लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती दहापासून, राज्याचा २०१७ चा दुकाने व आस्थापना अधिनियमही २०२५ पर्यंत मुख्यतः दहापासूनच होता. भविष्यनिर्वाह निधी तर वीसपासून. माहिती केंद्रात माणसे सात किंवा आठ. उंबरठ्याच्या अलीकडे राहणारी ही आस्थापना कायद्याच्या दृष्टीने जवळजवळ अदृश्य असते. तेव्हा तिच्या सेवकांचे काय व्हावे हे विधिमंडळ ठरवीत नाही, कार्यकारिणी ठरविते. आणि कार्यकारिणी ते सेवाशर्तींच्या ठरावात ठरवीत नाही, अंदाजपत्रकात ठरविते. नऊ सभासदांच्या बैठकीत चहा पिता पिता जी कोष्टके संमत होतात, तेच त्या संस्थेचे कामगार धोरण असते.

हे आकड्यांनीच पाहिलेले बरे. उदाहरणादाखल एक काल्पनिक संस्था घेऊ. दोनशे सभासद, प्रत्येकाची वर्गणी ३,००० रुपये, म्हणजे ६ लाख. नगरपंचायत व जिल्हा नियोजनातून अनुदान साडेसहा लाख. देणग्या दोन लाख. नोंदणीवरील कमिशन आणि नकाशे-पुस्तिकांची विक्री मिळून साडेतीन लाख. एकूण जमा १८ लाख. (कमिशनचा आकडा मुद्दाम लहान धरला आहे. लोकोपयोगी संस्थेची व्यापारी स्वरूपाची जमा एकूण जमेच्या वीस टक्क्यांवर गेली की तिची प्राप्तिकराची सवलत धोक्यात येते, हे अनेक चिटणिसांना नोटीस आल्यावरच कळते.)

आता खर्च. व्यवस्थापक २४,०००, दोन सहायक प्रत्येकी १६,०००, अर्धवेळ हिशेबनीस ८,०००, सफाई कामगार १४,०००; महिन्याला ७८,००० रुपये. शिवाय हंगामापुरते तीन मार्गदर्शक प्रत्येकी १५,००० प्रमाणे. प्रचलित रीतीने व्यवस्थापकाला बारा महिने आणि बाकीच्यांना आठ महिने दिल्यास वेतनाचा खर्च १०,८०,००० होतो. भाडे, वीज, दूरध्वनी १,८०,०००. छपाई व संकेतस्थळ १,२०,०००. मुंबईच्या प्रदर्शनात दालन ८०,०००. पर्यटन महोत्सव २,५०,०००. लेखापरीक्षण व किरकोळ ५०,०००. शिल्लक उरते ४०,००० रुपये. ताळेबंद जुळला, संस्था सुस्थितीत आहे, असे अहवालात छापण्यास हरकत नाही.

पण हा ताळेबंद जुळला कसा? चार स्थायी सेवकांचे चार महिन्यांचे वेतन २,१६,००० रुपये होते. मार्गदर्शकांना पावसाळ्यात निम्मे वेतन द्यावयाचे म्हटले तर ९०,०००. ग्रॅच्युइटीसाठी वर्षाला पंधरा दिवसांच्या वेतनाची तरतूद, सव्वीस दिवसांचा महिना धरून, पाच स्थायी सेवकांची ४५,०००. या तिन्हींची बेरीज ३,५१,००० रुपये. ही रक्कम अंदाजपत्रकात कोठेही दिसत नाही, तरी ती कोणीतरी भरलेली आहे. ती सात माणसांनी भरली आहे: वाण्याकडच्या उधारीने, गहाण टाकलेल्या बांगड्यांनी, पावसात भाताच्या लावणीला मजुरीवर जाऊन. संस्थेच्या देणगीदारांची नावे अहवालाच्या शेवटी छापतात. खरे पाहता सर्वांत मोठी देणगी या सातांची आहे आणि ती त्यांना न विचारता घेतलेली आहे.

‘पावसाळ्यात काम नसते, मग पगार कसला?’ हा आक्षेप पहिल्याच बैठकीत येईल. परंतु पावसाळा हा अपघात नव्हे. तो दरवर्षी येतो. ज्या धंद्यात आठ महिने पीक आणि चार महिने पड, त्यात चार महिन्यांचा निर्वाह हा आठ महिन्यांच्या उत्पादनखर्चाचाच भाग होय. बैल नांगराला जुंपलेला नसतो म्हणून शेतकरी त्याचा चारा बंद करीत नाही. माणसाच्या बाबतीत मात्र हे गणित सुचत नाही, याचे कारण चारा न घातलेला बैल पुढल्या वर्षी मिळत नाही, माणूस मिळतो. निदान आजवर मिळत आला. आता तो गोव्याच्या हॉटेलांत जातो, मुंबईस जातो, आणि दर ऑक्टोबरात नव्या मुलीला पुन्हा पहिल्यापासून शिकवावे लागते की कोणत्या घरी शाकाहारी जेवण मिळते आणि कोणत्या होडीत जीवरक्षक जाकिटे पुरेशी आहेत. या शिकवणीचा खर्चही कोणी मांडीत नाही.

शिवाय काम नसते हेही पूर्ण खरे नाही. घरांची यादी नव्याने तपासणे, दरपत्रके जमविणे, होड्यांचे परवाने व विमा पाहणे, मार्गदर्शकांचे शिक्षण, वर्षाचे हिशेब, ही कामे हंगामात होऊ शकत नाहीत. एरवी ती होतच नाहीत. आणि समुद्र बंद असतो तेव्हा त्याच जिल्ह्यात आंबोलीच्या धबधब्यांवर गर्दी लोटलेली असते. किनाऱ्यावरील केंद्र व घाटावरील केंद्र यांनी आपापली माणसे ऋतूप्रमाणे एकमेकांकडे पाठविली तर चारपैकी दोन महिन्यांचा प्रश्न तेथेच सुटतो. त्यासाठी दोन अध्यक्षांनी एका सतरंजीवर बसण्याची तयारी पाहिजे, जी अनुदान मिळविण्यापेक्षा कठीण गोष्ट आहे.

पैसे आणावयाचे कोठून? वरच्याच अंदाजपत्रकात ३,५१,००० घातले की ४०,००० ची शिल्लक जाऊन ३,११,००० ची तूट येते. महोत्सव एक लाखात केला, म्हणजे ध्वनिक्षेपकांच्या भिंती, पाहुण्यांचे फेटे आणि मान्यवरांचे सत्कार वगळले, तर दीड लाख वाचतात. (जेथे महोत्सवाचे अनुदान नावानिशी येते तेथे ही कात्री चालणार नाही. उत्सवाला पैसे मिळतात, पगाराला मिळत नाहीत, ही सरकारी अनुदानांची जुनी खोड आहे. तिच्याविरुद्ध जिल्हा नियोजन समितीत भांडले पाहिजे.) उरतात १,६१,०००. दोनशे सभासदांत वाटल्यास प्रत्येकी ८०५ रुपये, वर्षाला. नाताळच्या आठवड्यात एका खोलीचे एका रात्रीचे जे भाडे घेतले जाते, त्याच्याशी हा आकडा प्रत्येक सभासदाने स्वतः ताडून पाहावा.

यावर विश्वस्त सांगतात की, न्यासाला पैसा साठविता येत नाही, उत्पन्न खर्चच करावे लागते. हे अर्धसत्य आहे. पंच्याऐंशी टक्के उत्पन्न उद्दिष्टासाठी खर्च करण्याचा दंडक आहे. पंधरा टक्के विनाअट राखून ठेवता येतात आणि त्याहून अधिक रक्कमही विशिष्ट कारण नमूद करून पाच वर्षांपर्यंत बाजूला ठेवता येते. राखीव निधीची गरज किती तातडीची आहे हे २०२० साली दिसले. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात टाळेबंदी आली ती नेमकी उन्हाळी हंगामाच्या तोंडावर. ३ जूनला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. पुढल्या मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासून गेले. सलग दोन उन्हाळे बुडाले. ज्या संस्थेकडे तीन महिन्यांच्या पगाराइतकीही गंगाजळी नाही, तिने अशा वेळी कळकळीची पत्रके काढण्यापलीकडे काय करावे?

आणि हा भार एकेकट्या संस्थेने का वाहावा? महाराष्ट्राजवळ याचे उत्तर १९६९ पासून आहे. मुंबईत अण्णासाहेब पाटील आणि पुण्यात डॉ. बाबा आढाव यांनी ज्या हमालांना संघटित केले, त्यांनाही एक मालक नव्हता, महिन्याचा ठरलेला पगार नव्हता; आज या पेढीवर, उद्या त्या. माथाडी कायद्याने मंडळे स्थापिली, मालक व कामगार दोघांचीही नोंद केली, मजुरीवर लेव्ही बसविली आणि त्यातून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, रजा, बोनस देण्याची व्यवस्था केली. किनाऱ्यावरचा मार्गदर्शक, होडीवरचा खलाशी, निवास-न्याहारीच्या घरात भांडी घासणारी बाई यांची स्थिती त्या हमालाहून फार वेगळी नाही. खोलीच्या प्रत्येक नोंदणीवर व होडीच्या प्रत्येक फेरीवर थोडी लेव्ही घेऊन जिल्ह्याचे एक मंडळ चालविणे अशक्य नाही. कायदा होईपर्यंत चार-पाच संस्थांनी आपसांतील कराराने त्याचा आरंभ करावा. माथाडी मंडळांचे आज जे झाले आहे, तेथील दलाल आणि बोगस नोंदी, ते डोळ्यांआड करून चालणार नाही. परंतु ती दुरवस्था देखरेख सुटल्याची आहे, कल्पनेची नव्हे.

तोवर ज्या गोष्टींना कोणाची परवानगी लागत नाही त्या तरी व्हाव्यात. प्रत्येक सेवकाला नेमणुकीचे पत्र द्यावे. शनिवार-रविवार आणि दिवाळीत राबणाऱ्यांना आठवड्यातील अन्य दिवशी हक्काची सुटी मिळावी. प्रसूती रजा कायद्याने बंधनकारक नसली तरी ठरावाने बंधनकारक करून घ्यावी. तक्रारीसाठी जिल्ह्यात स्थानिक समिती असते हे सहायिकेला नेमणुकीच्या दिवशीच सांगावे. सेवकांचा एक प्रतिनिधी कार्यकारिणीवर घ्यावा, निमंत्रित म्हणून नव्हे, मताधिकारासह. घटनेत तरतूद नसेल तर घटना दुरुस्त करता येते. पाच वर्षांत दोनदा अध्यक्षपदाची मुदत वाढविण्यासाठी ती दुरुस्त झालेली असतेच.

सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थांच्या १९५० च्या कायद्याप्रमाणे, ठरावीक मर्यादेहून अधिक उत्पन्न असलेल्या न्यासाने नव्या वर्षाच्या निदान एक महिना आधी आपले अंदाजपत्रक धर्मादाय आयुक्तांकडे पाठवावयाचे असते. म्हणजे फेब्रुवारीअखेर. कार्यकारिणीची बैठक त्यामुळे जानेवारीत, ऐन हंगामात होते. त्या दिवशी माहिती केंद्राला तासभर कुलूप लावावे आणि आतल्या साऱ्यांना बैठकीस बसवावे.